तलावाच्या वरची जमीन

भंडाऱ्याच्या नगररचना कार्यालयात मी ट्रेसर म्हणून लागले, तेव्हा आमच्या घराण्यात नोकरी करणारी मी पहिलीच मुलगी होते. आमचं गाव अड्याळच्या पलीकडे, घरची धानाची शेती. बाबांनी मला नागपूरला आयटीआयमध्ये नकाशे काढायच्या वर्गात घातलं, ते मला चित्रकलेची आवड होती म्हणून नव्हे, त्या वर्गात जागा शिल्लक होती म्हणून. आठवड्यातून एकदा वरठीला उतरून घरी यायचं आणि सोमवारी पहाटेची गाडी पकडून परत जायचं, अशी दोन वर्षं काढली. प्रमाणपत्र हातात आलं आणि थोड्याच महिन्यांत ही नोकरी लागली. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी शुक्रवारी भागातल्या मावशीकडे राहत असे आणि पायीच ऑफिसला जात असे.

काम साधं होतं. मूळ नकाशावर ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायचं, त्याच्यावर खडूची पूड चोळून तेलकटपणा काढायचा, आणि मग काळ्या शाईनं रेघ न् रेघ उतरवून घ्यायची. त्या कापडावरून अमोनियाच्या निळ्या प्रती निघायच्या. प्रती निघत त्या दिवशी डोळ्यांतून पाणी यायचं आणि पदराला तो वास रात्रीपर्यंत राहायचा. मावशी म्हणायची, "तुले पाहून वाटते, ऑफिसात कोनी रडवते का काय." नंतर रंग भरायचे. घरांच्या जागेला पिवळा, शेतीला हिरवा, कारखान्याला जांभळा. मला जांभळा फार आवडायचा, कारण तो क्वचितच लागायचा.

आमचे साहेब साताऱ्याकडचे. उंच, खांद्यात जरा वाकलेले, निवृत्तीला दीडेक वर्ष राहिलेलं. भाताच्या मुलखात येऊन त्यांना आठ वर्षं झाली होती, तरी डब्यात रोज ज्वारीची भाकरीच असायची. "नुसता भात खाऊन तुम्ही माणसं चालता कशी?" असं ते आम्हाला खरोखर आश्चर्यानं विचारायचे. पण बोलताना मध्येच त्यांच्या तोंडून 'का'च्या जागी आमच्याकडचं 'काहून' निघून जायचं, आणि सगळं ऑफिस खाली मान घालून हसायचं. त्यांची एक सवय होती. कुठल्याही नव्या बांधकामाचा कागद आला की तो जागा पाहिल्याशिवाय पुढे जायचा नाही. इतर ठिकाणी तलाठ्याच्या अहवालावर भागत असे. साहेब पिशवीत कॅनव्हासचे बूट घेऊन एसटीनं जायचे, त्या जागेवर जाऊन बराच वेळ नुसते उभे राहायचे, आणि मग परत यायचे.

त्या वर्षी संक्रांतीनंतर एक फाईल आली. अड्याळच्या बाजूच्या एका गावात उसन्या, म्हणजे धान भिजवून-उकडून केलेल्या तांदळाची गिरणी काढायची होती. अर्ज करणारे शेठ मूळचे आमच्याच भागातले. दोन पिढ्यांपूर्वी शेती करणारं घर, आता धानाचा व्यापार. त्यांनी गावाच्या वरच्या अंगाला रस्त्याला लागून पडीक जमीन घेतली होती. विटांचे दोन ट्रकही जागेवर येऊन पडले होते. कागदावर सगळं चांगलं दिसत होतं. रस्ता जवळ, ओलिताची जमीन नाही, आजूबाजूला घर नाही, तलाव तर नकाशावर चांगला चार बोटं लांब. मी दोन दिवस बसून नकाशा उतरवला आणि त्या तुकड्यात जांभळा रंग भरला. रंग कुठेही ओघळला नाही, एकसारखा बसला. साहेबांच्या टेबलावर ठेवताना मला वाटलं, आता शाबासकी मिळेल.

साहेबांनी नकाशा पाहिला आणि विचारलं, "बाई, उतार कुठल्या बाजूला आहे?"

मला सांगता येईना. गाव नकाशात उतार नसतोच. त्यात सर्व्हे नंबर असतात, शेतांच्या हद्दीचे धुरे असतात, गाडीवाटा असतात.

"मग चला," ते म्हणाले. "उद्या डबा जास्तीचा आणा."

घरी मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "पुरुषमानसायसंग खेड्यात जाऊन तू का करशीन?" खरं म्हणजे मलाही ठाऊक नव्हतं. ट्रेसरनं जागेवर जायची रीतच नव्हती. पण सकाळी तिनंच दशम्या बांधून दिल्या.

अड्याळला उतरून पुढे बैलगाडी. माघाचं ऊन, धान कापून गेलेल्या बांध्यांतून, म्हणजे खाचरांतून, लाखोळीची डाळ फुललेली, आणि मोहाला अजून फूल यायचं होतं. गावात पोचलो तर शेठ आधीच हजर. पांढरंशुभ्र धोतर, डोक्यावर काळी टोपी, बोलायला अगदी गोड. सरपंचांच्या ओसरीवर चहा झाला. गाव खुशीत होतं. गिरणी आली की बायकांना धान वाळवायचं, पाखडायचं काम मिळणार. त्यासाठी एरवी लांबच्या गावी चालत जावं लागे. मला घेरून बसलेल्या बायका एकच विचारत होत्या, "कवा सुरू होते, बाई?" आणि मी, जणू गिरणी माझीच, तसं सांगत होते की लवकरच.

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सरपंचांना विचारलं, "तलावाचं पाणी कोण सोडतं?"

आमच्याकडे जुन्या तलावांवर पाणकर असतो. कुणाच्या बांधीत किती वेळ पाणी द्यायचं, तोंड कधी उघडायचं, कधी बंद करायचं, हे सगळं तो बघतो. त्या गावचा पाणकर तीन वर्षांपूर्वी वारला होता आणि त्याची बायकोच ते काम करत होती. पन्नाशीची, काळीसावळी, नऊवारी वर खोचलेली, हातात कुदळ. पुरुषांचं काम बाई करते म्हणून सुरुवातीला कुणी कुणी कुरकुर केली होती म्हणे, पण तिनं पाणी सोडलं की शेवटच्या बांधीपर्यंत पोचतं हे पाहून सगळे गप्प झाले. गाव तिला पाणकरीण म्हणे. मीही तेच म्हणू लागले.

साहेब तिला म्हणाले, "बाई, शेठजींची जागा आम्हाला तुम्ही दाखवा."

शेठ हसले. "साहेब, जागा मीच दाखवतो ना. तिले काय मालूम?"

"तुम्ही जमिनीच्या हद्दी दाखवाल," साहेब म्हणाले. "मला पाणी बघायचंय."

पाणी तर तिथे टिपूसभर नव्हतं. मुरमाची उघडी जमीन, मधे मधे पळस, थोडी तरोट्याची वाळलेली झाडं. पाणकरीण पुढे आणि आम्ही मागे. ती एका पळसाजवळ थांबली. बुंध्याला गुडघ्याएवढ्या उंचीवर वाळलेलं गवत अडकलेलं होतं, सगळं एकाच बाजूनं.

"हे काहून अडकलं?" साहेबांनी विचारलं.

"पान्यानं," ती म्हणाली. "सावन-भादव्यात इथून पानी जाते. हे सारं रान तलावात उतरते, साहेब. इथं थुकलं तं तलावात जाते."

मग ती बारीक खड्यांच्या ओळी दाखवत गेली. पाण्यानं त्या आणून टाकलेल्या. त्या ओळी धरून आम्ही चालत राहिलो आणि दहा-पंधरा मिनिटांत तलावाच्या काठाला आलो. तलावात शिंगाड्याचे वेल संपत आले होते, पाण्यावर ऊन पडलं होतं आणि दोन बायका काठाच्या दगडावर कपडे धूत होत्या. नकाशावरची ती चार बोटं मला पायांनी कळली. गाव त्याच तलावाचं पाणी जनावरांना पाजत होतं, त्यावरच धान पिकवत होतं, आणि उन्हाळ्यात काठावर झिरे खणून पीतही होतं.

परत येताना साहेब एका खळ्यापाशी थांबले. एक म्हातारा उशिराच्या धानाची उफणणी करत होता. साहेबांनी त्याला विचारलं, "बाबा, उफणताना तोंड कुणीकडं करता?" म्हातारा म्हणाला, आता असं करतो आणि उन्हाळ्यात तसं. साहेबांनी ते वहीत बाणांनी काढून घेतलं. एसटीत बसल्यावर त्यांनी मला समजावलं. वारा कुठून येतो हे उफणणाऱ्याला रोज कळतं, नाही तर सगळा भुसा त्याच्याच डोळ्यांत जाईल. आणि उन्हाळ्यातला वारा शेठच्या जागेवरून सरळ गावाकडे येत होता. वाटेत शाळा सगळ्यांत आधी लागत होती.

मी विचारलं, "पण साहेब, गिरणीतून असं काय येणार आहे? तांदूळच तर करायचा."

ते म्हणाले, "मलाही नीट ठाऊक नाही. बघून येऊ."

'प्रदूषण' हा शब्द तेव्हा आमच्या ऑफिसात नवा होता. एखाद्या परिपत्रकात यायचा आणि हेडक्लार्क तो अडखळत वाचायचे. साहेब तो शब्द वापरत नसत. ते 'घाण' म्हणायचे, 'धूर' म्हणायचे, 'राख' म्हणायचे.

दोन आठवड्यांनी त्यांनी एक गोष्ट केली, ती आजही आठवली की मला हसू येतं. दुसऱ्या तालुक्यात उसन्या तांदळाची एक गिरणी चालू होती. ती पाहायला त्यांनी सगळ्यांनाच नेलं. शेठ, सरपंच, पाणकरीण आणि मी. लाल एसटीत मधल्या बाकड्यांवर आमची ती वरात. पाणकरीण आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या लांब चालली होती. तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि सगळ्यांसाठी उकडलेले शिंगाडे आणले होते. शेठ सुरुवातीला खिडकीकडे तोंड करून बसले. तिनं पुडी पुढे केली, "घ्या शेठजी, तुमच्याच तलावाचे." 'तुमच्याच' हा शब्द तिनं मुद्दाम वापरला की सहज, मला कळलं नाही. शेठनी दोन घेतले.

त्या गिरणीत धान मोठमोठ्या हौदांत भिजत घातलेलं होतं. दीड-दोन दिवस भिजलं की ते पाणी सोडून द्यायचं. पिवळं, फेसाळ, आंबलेलं पाणी एका कच्च्या नालीतून मागच्या बांध्यांत जात होतं. वास असा की आम्ही पदर-रुमाल नाकाला लावले. त्या बांध्यांत पीक नव्हतंच, नुसता काळा चिखल होता. बॉयलरमध्ये भुसा जळत होता आणि त्याची काळी राख उघड्यावर ढिगानं पडली होती. जरा वारा आला की ती उठायची आणि शेजारच्या घराच्या वाळत घातलेल्या धोतरावर बसायची. त्या घरातली बाई आम्ही सरकारी माणसं आहोत असं समजून बाहेर आली आणि तिनं आम्हाला अशा शिव्या दिल्या की सरपंचांनी कानाला हात लावले.

पाणकरीण नालीच्या काठाशी उकिडवी बसली. तिनं बोट बुडवून नाकाशी नेलं. मग हात पदराला पुसला आणि शेठकडे वर पाहून म्हणाली, "हे पानी माह्या तलावात सोडान तुमी?"

 चिखल चुकवायला म्हणून शेठ बाजूला सरकले आणि त्यांचा पाय नालीतच गेला. पांढरं धोतर पोटरीपर्यंत पिवळं झालं. येताना एसटीत त्यांच्या शेजारी कुणी बसेना. कंडक्टरनंही त्यांना मागच्या बाकड्यावर बसवलं. भंडारा जवळ आल्यावर ते उठून साहेबांपाशी आले. "साहेब," ते म्हणाले, "गिरनी तं मले काढाचीच आहे. मंग कुठं काढू, सांगा."

साहेब एवढ्याचीच वाट पाहत असावेत. म्हणाले, "ते आपण शोधू. तुम्ही तिथल्या विटा उचलायची तयारी ठेवा."

पण गावात बातमी पोचली ती वेगळीच, की सरकारनं गिरणी अडवली. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा ओसरीवरच्या त्याच बायका मला पाहून उठून गेल्या. एक तेवढी थांबली आणि म्हणाली, "तुमाले नोकरी आहे बाई, तुमचं काय. आमी उन्हाळ्यात कुठं जाव?"  पाणकरणीनंच तिला हाताला धरून बसवलं आणि नालीची, राखेची, त्या शिव्या देणाऱ्या बाईची सगळी गोष्ट सांगितली. तिनं ती इतकी रंगवून सांगितली की शेठचा पाय नालीत गेला तिथं सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. शेवटी म्हणाली, "गिरनी येऊन राहिली, कायले घाबरता? फक्त तलावाच्या खाली येऊन राहिली."

नवी जागा गावाच्या खालच्या अंगाला सापडली. तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या पलीकडे, सांडव्यापासून दूर, कठीण मुरमाची. वारा उन्हाळ्यात गावावरून तिकडे जाणारा, म्हणजे राख गावात यायची नाही. शेठनी मूळ जमिनीच्या बदल्यात ती घेतली. साहेबांनी अटी घातल्या: भिजवणीच्या पाण्यासाठी एकापुढे एक तीन टाकी, राखेसाठी भिंती घातलेला आणि वरून झाकलेला खड्डा, बॉयलरचं धुराडं उंच, आणि गिरणी व गाव यांच्या मधे करंजाच्या दोन ओळी. मी तो नकाशा काढला. कुठल्या टाक्यातून कुठे पाणी जाईल, ते बाणांनी दाखवलं. साहेबांनी पहिल्यांदाच "छान झालंय" म्हटलं. त्या संध्याकाळी मी मावशीसाठी पेढे घेऊन गेले होते, एवढी खूश होते.

पावसाळा संपल्यावर बांधकाम सुरू झालं. दिवाळीला घरी गेले होते, तेव्हा मी एक दिवस काढून सायकलनं तिकडे गेले. कुणी सांगितलं नव्हतं, आपला नकाशा जमिनीवर कसा दिसतो ते पाहायची हौस. भिंती उभ्या राहिल्या होत्या. टाक्यांसाठी खणून झालं होतं. मी तिसऱ्या टाक्याच्या काठावर उभी होते, आणि समोरच्या आमराईतून एक बाई घागर घेऊन आली. ती आली तशी पलीकडे वळली, आणि मला रहाटाचा आवाज ऐकू आला.

झाडांच्या मागे पाच घरं होती. मातीची, कौलारू, सारवलेली, दारात तुळस. एका भावकीची ती वस्ती. जमिनीच्या वाटण्या झाल्यावर गावातून उठून इथे येऊन राहिलेली, त्यालाही वीस वर्षं झाली होती. गाव नकाशा त्याहून जुना, त्यामुळे त्यात ती नव्हतीच. जागा पाहायला आलो होतो तेव्हा आंब्यांतून मला एक छप्पर दिसलं होतं. मी ते कुणाच्या तरी वाडीतली झोपडी समजले आणि विचारलंही नाही; गावाला वाटलं, आम्हाला ठाऊकच असेल. त्यांची पिण्याची विहीर तिसऱ्या टाक्यापासून मोजून तीस पावलांवर होती. मी दोनदा मोजलं.

त्या बाईनं मला पाणी दिलं. थंड, गोड पाणी. मी कोण हे कळल्यावर ती रागावली नाही. तिनं नुसतं विचारलं, "नकाशा काढला तवा आमी कुठं होतो, बाई?"

घरी आले आणि दिवाळीतली गोडधोडाची ताटं समोर असताना मी मनात ती तीस पावलंच मोजत बसले. बाबांनी काय झालं विचारलं. सांगितलं. ते म्हणाले, "साहेबाले सांगशीन?" मी म्हटलं, भीती वाटते, नोकरी जाईल. त्यांनी माझं ताट माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "जाईन तं जाईन. धान रोवाले तं तुले येतेच."

सुट्टी संपल्याबरोबर पहिल्याच दिवशी मी साहेबांसमोर उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी मला बसायला सांगितलं. नकाशा मागवला. माझ्याच हातानं त्यावर पेन्सिलीनं पाच चौकोन आणि विहीर काढून घेतली. 

"मीही तिथे उभा होतो," ते म्हणाले. "मला छप्परसुद्धा दिसलं नाही. तुम्हाला निदान दिसलं."

निवृत्तीला तेव्हा त्यांचे थोडेच महिने उरले होते. हेडक्लार्क धावत आले. परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडून होऊन गेली आहे, आता हे उकरून काढलं तर सगळं तुमच्यावरच येईल, जाता जाता कशाला डाग लावून घेता, असं ते कळवळून सांगत होते. त्यांची माया खरी होती. साहेबांनी ऐकून घेतलं आणि स्वतःच्या हातानं टिपण लिहिलं. टाईप करायला दिलं नाही. जागेची पाहणी करताना वस्ती आणि विहीर आपल्या नजरेतून सुटली, टाक्यांची जागा बदलणं आवश्यक आहे, अशा अर्थाचं. त्यात माझा उल्लेख कुठेच नव्हता. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "सही माझी आहे ना? मग." वरून पत्र आलं, खुलासा मागितला गेला. ते एकदा नागपूरला जाऊन आले, तिथे काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. परत आल्यावर नेहमीसारखी भाकरी खाल्ली.

खरी अडचण शेठची होती. टाकी खणून झालेली, गवंडी बसलेले, धानाचा हंगाम तोंडावर. ते ऑफिसात येऊन टेबलावर हात आपटून बोलले. "एकडाव जागा बदलली, आता टाके बदला. मी मानूस हाव का फुटबॉल?" साहेबांनी माफी मागितली. कुणा सरकारी अधिकाऱ्याला अर्जदाराची माफी मागताना मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. शेठचा आवाज खाली आला, पण ते तसेच उठून गेले.

पुढे काय झालं ते मला पाणकरणीनं सांगितलं. शेठ गिरणीवर गेले आणि रागाच्या भरात गवंड्याला म्हणाले, चालू दे काम. तेव्हा पाणकरीण आणि वस्तीतल्या त्या पाच घरांतल्या बायका खणलेल्या टाक्यात उतरून बसल्या. भांडल्या नाहीत, घोषणा नाहीत. सुपं घेऊन गेल्या होत्या, तिथे बसून तांदूळ निवडत राहिल्या. दुपारी शेठनी स्वतः काठावर येऊन विचारलं, "कवापर्यंत बसान?" एकीनं विहिरीची घागर वर केली आणि म्हणाली, "पानी पेता का, शेठजी? उन्हात आले." ते प्यायले. मग छत्री उघडून थोडा वेळ तिथेच उभे राहिले, आणि गवंड्याला हाक मारून सांगितलं की हे बुजव. टाकी गिरणीच्या दुसऱ्या अंगाला, विहिरीपासून दूर, उतारावर गेली. तळाला आणि भिंतींना पक्कं सिमेंट झालं. त्या वर्षीचा अर्धा हंगाम त्यांच्या हातून गेला.

गिरणी पुढच्या वर्षी सुरू झाली. सगळं आम्ही काढलं तसंच झालं, असं मी म्हणणार नाही. राखेच्या खड्ड्यावरचं झाकण दोन पावसाळ्यांतच कुजलं. मग कधी ते घालत, कधी तसंच राहत असे. वारा उलटला की वस्तीच्या आंब्यांच्या पानांवर काळं दिसायचं. करंजं मात्र चांगली लागली. विहिरीचं पाणी मी जेव्हा जेव्हा गेले तेव्हा प्यायले, ते पहिल्यासारखंच होतं. गावातल्या बायकांना काम मिळालं. तलावात शिंगाडे होत राहिले, मरळ मासळी मिळत राहिली, आणि पाणकरीण पाळीवर कुदळ घेऊन उभी असायची. मला पाहिलं की लांबूनच ओरडायची, "आली का माह्यी नकाशेवाली!"

साहेब निवृत्त होऊन गेले, त्या दिवशी त्यांना पोचवायला ऑफिसातले आम्ही सगळे वरठी स्टेशनावर गेलो होतो. गाडी उशिरा होती. ते फलाटावर उभ्या-उभ्या हेडक्लार्कना सांगत होते की आता घरी गेल्यावर भाताची आठवण येईल. हेडक्लार्क रडले. मला ते म्हणाले, "बाई, रविवारी वेळ असला की फिरत जा." त्यांची पोस्टकार्डं दोन-तीन वर्षं येत राहिली. त्यात पाऊस किती झाला, ज्वारी कशी आहे, एवढंच असायचं. नंतर ती थांबली.

त्यांच्या जागी आलेले साहेब वाईट नव्हते, पण त्यांच्याकडे कामाचा ढीग होता आणि जागा पाहायला जायला त्यांना जमत नसे. मी ड्राफ्टसमन झाले. रविवारी सायकल काढायची आणि त्या आठवड्यात आलेल्या नकाशांतली एखादी जागा पाहून यायची, ही माझी सवय पडली. कुठे नाला दिसे, कुठे नकाशात नसलेली दोन घरं. सोमवारी मी ती पेन्सिलीनं काढून साहेबांपुढे ठेवत असे. काही वेळा ते ऐकत, काही वेळा वेळ निघून गेलेली असे. एका गावात खडी फोडायचं यंत्र शाळेच्या अगदी मागे बसलं, ते मी अडवू शकले नाही. त्या शाळेतली पोरं पावडर लावल्यासारखी पांढरी होऊन घरी जात. आजही त्या रस्त्यानं जाताना मी दुसरीकडे पाहते.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं असेल. एका दुपारी ऑफिसच्या दारात शेठ उभे. केस पांढरे झालेले, टोपी तीच. मला वाटलं, आता कसली तक्रार घेऊन आले. ते खुर्चीवर बसले, रुमालानं तोंड पुसलं, आणि म्हणाले, "बाई, पवनीकडं एक जागा पाहून राहिलो, दुसऱ्या गिरनीसाठी. अजून घेतली नाही."

"मग अर्ज द्या ना," मी म्हटलं.

"अर्ज मागून देईन. पयले तुमी चाला," ते म्हणाले. "मले हद्दी समजते, बाकी काही समजत नाही. पानकरनीलेही गाडीत बसवलं आहे. ती म्हने, तुमी याल तं येईन."

खिडकीतून पाहिलं तर खाली जीपमध्ये पाणकरीण पुढच्या सीटवर ऐसपैस बसली होती, मांडीवर पुडी घेऊन, आणि ड्रायव्हरला काहीतरी दटावून सांगत होती. मी नव्या साहेबांकडून अर्ध्या दिवसाची रजा मागून घेतली. पवनीचा रस्ता तेव्हा बराचसा कच्चाच होता. वाटेत शेठ आणि ती सारखी भांडत होती, कुठे थांबायचं, कुठे चहा प्यायचा, यावरून. त्या जागेपाशी पोचल्यावर भांडण गाडीतच राहिलं. शेठनी टोपी काढून हातात घेतली. आम्ही तिघं उतरलो आणि उताराच्या दिशेनं चालायला लागलो.